‘एक नंबर बाभूळ’

दिवाळीच्या आठवडाभर आधी आमच्या सहकारनगरच्या घरी माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली येतो. तो चिंचेने घासायचं काम माझं, बंबफोड लाकडं आणायचं नवऱ्याचं. यंदा तो वखारीतून तीन पोती ‘एक नंबर बाभूळ’ घेऊन आला. पहिलं पोतं अंगणात ओतलं, तोच आतून सासूबाईंचा आवाज, "अगं, ही बाभूळ नव्हे. आवाज ऐक."

वाळलेल्या बाभळीची दोन लाकडं एकमेकांवर आपटली की खणकन वाजतात. ही भद् वाजत होती.

"आई, ओली असतील."

"मग उचलून बघ. ओली असती तर जड लागली असती."

हलकी होती. साल पाहिली तर राखाडी, पातळ, बरीचशी गुळगुळीत. बाभळीची साल काळपट असते, उभ्या खोल चिरा पडलेली, आतून लालसर. शिवाय ती कातडी कमवायला वापरतात इतकी तुरट. ओली बाभूळ फोडली की कोयत्याचं पातं निळं-काळं पडतं, ते त्या तुरटपणामुळेच. माझं पातं स्वच्छ राहिलं, पण लाकूड वाळलेलं होतं, त्यामुळे तेवढ्यावर मी वखारवाल्याशी भांडले नसते.

सासूबाईंचं माहेर पुरंदरचं, लहानपण चुलीपुढे गेलेलं. सालीवर त्यांचा फारसा भरवसा नाही. वखारीत पोहोचेपर्यंत निम्मी साल गळालेली असते. त्या एक फोड हातात घेतात, टोकाची मळकी चकती सुरीने तासतात, थुंकी लावून अंगठा फिरवतात (मी पाणी लावते), मग चकती उजेडात धरतात. बाभळीच्या कडेला फिकट पट्टा, आत लालसर तपकिरी गाभा. चिंचेचा गाभा तर जांभळट काळा. आमच्या फोडींत कडेपासून मधोमध एकच पिवळट पांढरा रंग, आणि नख सहज रुतलं. त्यांनी निकाल दिला: गुलमोहर. पावसात कोसळलेल्या फांद्या फोडून पोत्यात भरल्या असणार.

वासाच्या बाबतीत मात्र मी त्यांना एकदा चुकताना पकडलंय. निलगिरीच्या लाकडाला बामचा वास येतो असं त्या म्हणायच्या. पण ते तेल पानांत असतं. निलगिरी मला कळते ती फोडताना. तिच्या तंतूंना पीळ असतो, कोयता सरळ जातच नाही. आंब्याच्या ओल्या फांदीला कैरीच्या चिकाचा वास येतो, तिथे चूक होत नाही. आणि कण्हेर ओळखता आली नाही तरी संशय आला की बाजूला, कारण तिचा धूरही विषारी.

तिसऱ्या पोत्याच्या तळाशी एक काळवंडलेला चौकोनी तुकडा निघाला, खिळ्यांची भोकं पडलेला. वाड्याच्या तुळईचा असावा. नवऱ्याने करवत लावली आणि दोन इंच आत जाताच अंगणभर सागाचा वास, जुन्या चामड्यासारखा, थोडा तेलकट. तासलेल्या जागी सोनेरी तपकिरी वलयं एकेक मोजता येत होती. सासूबाईंनी तो तुकडा नाकाशी धरला, बराच वेळ.

बंबात गुलमोहरच गेला. भुरुभुरु जळून गेला, दर दहा मिनिटांनी लाकूड घालावं लागलं. सागाचा तुकडा त्यांच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलाय.