तुम्ही विचारलंत म्हणून: डोळा की डोकं?

"डोळा बरा झाला म्हणता, डॉक्टर सिक्स बाय सिक्स, म्हणजे तक्त्यावर पूर्ण नजर, म्हणतात, मग काम एवढं हळू का झालंय?" डाव्या डोळ्याची नस सुजून गेल्यापासून दर चार दिवसांनी कुणीतरी हे विचारतंच. प्रेसमधली मंडळी आडून विचारतात. अकोल्याच्या माझ्या जाऊबाई मात्र सरळ, "डोक्यावर तर काही परिणाम नाही ना झाला गं?" मला त्यांचं विचारणं बरं वाटतं. वर्षभर मीही स्वतःला तेच विचारत होते.

मी पुण्यात एकोणीस वर्षं मुद्रितशोधन करते. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये दिवाळी अंकांची प्रुफं घरात येऊन पडली होती आणि डावा डोळा इकडेतिकडे फिरवला की मागून ठणकायचा. नंबर वाढला असेल म्हणून मी सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, लाल पेनातली शाई फिकी येतेय. पेन बदललं. नवं पेनही तसंच. मग सहज उजवा डोळा झाकला आणि माझ्याच हातच्या सगळ्या खुणा विटकरी, दहा धुण्यांत विटलेल्या कापडासारख्या दिसल्या. पाचव्या दिवशी ओळीचा पहिला शब्द दिसे, शेवटचा दिसे, मधल्या जागी करडा डाग.

पहिल्यांदा दाखवलं तिथे "डोळ्यात काहीही नाही, ताण कमी घ्या" असं ऐकून घरी आले. राग आला होता, पण नंतर कळलं की अशा साधारण तीनातल्या दोन रुग्णांत सूज नेत्रगोलाच्या बरीच मागे, नसेत असते आणि आतून तपासलं तरी पडदा स्वच्छ दिसतो. रुग्णाला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही, अशी त्यांच्यात जुनी थट्टाच आहे म्हणे. तरी बॅटरीचा उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेऊन पाहायला अर्धं मिनिट पुरतं. दुसऱ्या डॉक्टरांनी तेवढंच केलं. उजेड डाव्या डोळ्यावर आला की बाहुली आक्रसण्याऐवजी मोठी होत होती. ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे दृष्टीच्या नसेचा दाह. एमआरआय झाला, आपल्याच नसांवर उलटणाऱ्या अँटिबॉडींसाठी रक्ताच्या दोन तपासण्या झाल्या, मेंदूत डाग नव्हता, रक्तात काही निघालं नाही. तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड, मग अकरा दिवस गोळ्या. त्या दिवसांत झोप उडाली होती, रात्री तीनला उठून मी कपाटं आवरत असे.

अमेरिकेत याच आजारावर 1988 पासून एक मोठी चाचणी झाली होती. त्यात दिसलं की शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडने दृष्टी लवकर परतते, पण वर्षभरानंतर ते घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फारसा फरक उरत नाही. नुसत्या गोळ्या दिलेल्यांना मात्र दुखणं पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. पंधरा वर्षांनी त्यातल्या 72 टक्के डोळ्यांची नजर तक्त्यावर अगदी पूर्ण होती. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदूत आणि नसांत जागोजागी असाच दाह होत राहण्याचा आजार, होण्याचा धोका एमआरआय स्वच्छ असणाऱ्यांत 25 टक्के होता, एक जरी डाग असला तर 72. हे आकडे तिकडच्या लोकांचे. आपल्याकडे तो आजार मुळात कमी, म्हणून डॉक्टरांनी मला 25 हा आकडा छातीशी धरून बसू नका असं बजावलं. अर्थात काही महिने मी धरून बसलेच.

आता त्या सिक्स बाय सिक्सबद्दल. तक्ता म्हणजे पांढऱ्याशुभ्र पाटीवर काळीकुळकुळीत अक्षरं, एसीची खोली, आणि हवा तेवढा वेळ. माझ्या टेबलावर काय असतं? टोनर संपत आलेल्या प्रिंटरमधून निघालेली करडी अक्षरं, मळकट कागद आणि दारात थांबलेला पोऱ्या. फिक्या करड्या अक्षरांचा एक वेगळा तक्ता असतो. त्यावर माझा डावा डोळा दोन ओळींत गारद झाला. दोन्ही डोळे उघडे ठेवून मी नुसत्या उजव्यापेक्षाही कमी वाचलं, तेव्हा मला हसूच आलं. वाईट भागीदार धंद्याला असा बुडवतो.

दुसरी तपासणी वेगाची. डोक्याला तारा लावून समोर पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन काळ्याचे पांढरे होत राहतात, आणि डोळ्याने पाहिलेलं मेंदूच्या मागच्या भागात किती वेळात पोचतं ते मोजतात. साधारण सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे शंभर मिलिसेकंद लागतात. माझ्या उजव्या डोळ्याला 102 लागले, डाव्याला 131. या नसेत दहा लाखांवर तंतू असतात. त्यांच्यावरच्या वेष्टणाला ठरावीक अंतरावर फटी असतात आणि संदेश फटीतून फटीत उड्या मारत जातो. वेष्टण झडलं की उड्या संपतात, पायी चालावं लागतं. दाह ओसरला, नजर आली, तरी हा उशीर बहुतेकांत मागे राहतो.

तीस मिलिसेकंदांनी काय बिघडतं? गेल्या मे महिन्यात अकोल्याला जाऊबाईंच्या ओसरीवर बसले होते. मुलं झोपाळ्यावर होती, मी बाजूने बघत होते. झोपाळा सरळ पुढेमागे न जाता गोल फिरत माझ्याकडे येतोय आणि लांब जातोय असं दिसायला लागलं. मी कडीला हात लावून पाहिला. कड्या ठीक होत्या. उशिरा पोचणारा डोळा झोपाळा क्षणापूर्वी होता तिथे दाखवतो, दुसरा आत्ता आहे तिथे, आणि मेंदू या फरकाचा अर्थ जवळ-लांब असा लावतो. जर्मनीतल्या कार्ल पुल्फ्रिश यांनी 1922 मध्ये याचा उलगडा मांडला. गंमत अशी की त्यांचा स्वतःचा एक डोळा गेलेला होता, त्यामुळे हा चमत्कार त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसला, आणि तेव्हापासून लक्ष्मी रोड ओलांडताना मी कुणाचा तरी हात धरते.

त्याच ओसरीवर आणखी एक. दुपारी बाराला बाहेरून आले आणि डाव्या डोळ्यापुढे धुकं. पंख्याखाली बसून माठातलं पाणी प्यायले, अर्ध्या तासात निवळलं. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी वेष्टण झडलेल्या तंतूंतून संदेश अडतो. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने 1890 मध्येच हे नोंदवलंय. नवा झटका नव्हे, एवढं कळलं की जीव थाऱ्यावर येतो.

आता जाऊबाईंचा प्रश्न, डोकं. मी स्मरण आणि एकाग्रतेच्या चाचण्या करून घेतल्या. एकीत नऊ चिन्हं आणि त्यांचे नऊ आकडे वर छापलेले, खाली नुसती चिन्हं. दीड मिनिटात जमतील तेवढे आकडे सांगायचे. त्यात माझा निकाल वयाच्या मानाने बराच खाली. पोटात गोळा आला. मग चाचणी घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, कागद करडा दिसतोय का? आणि दुसरी चाचणी घेतली, सगळी कानाची. दर तीन सेकंदांनी एक आकडा ऐकू येतो, तो आधी ऐकलेल्या आकड्यात मिळवून उत्तर द्यायचं. तीत मी व्यवस्थित होते. म्हणजे पहिल्या चाचणीत डोकं मंद दिसलं त्यातला मोठा वाटा डोळ्याचा होता. पण सगळा नव्हे. शेवटच्या वीसेक आकड्यांत मी गळपटले, आणि दुपारनंतर शब्दांची यादी आठवताना अडखळले. नजर तोलून धरण्यात जो कस लागतो तो कुठून तरी वजा होणारच. शिवाय झोप, स्टिरॉइड, त्या 25 टक्क्यांची भीती. हा आजार झालेल्या काही जणांत विचारांचा वेग खरोखर मंदावतो, विशेषतः मेंदूत डाग असतील तेव्हा, हे मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की डोळा दुखावलेल्या माणसाची बुद्धी कागदावर तपासत असाल तर कानानेही तपासा.

तेव्हापासून कामाची पद्धत बदलली. मजकूर सोळा पॉइंटात काढून घेते, ओळीखाली पट्टी धरते, कधी डावा डोळा मिटूनच ठेवते. दुपारी मुलगा मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि मी प्रुफावर बोट फिरवते. गळलेला शब्द, दोनदा पडलेली ओळ कानालाच आधी सापडते. अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. "पाणि" आणि "पाणी" तो एकसारखंच वाचणार, तिथे कान काही कामाचा नाही. ती फेरी मी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत करते. आठ पानं होतात. पूर्वी चोवीस व्हायची.