निर्दोष ठरलेली नळी

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी नागपूरला एका एअरबस ए३२० प्रवासी विमानाचे उड्डाण धावपट्टीवरच रद्द झाले. सहवैमानिकाने १०० नॉट्सचा, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटरचा, पुकारा केला तेव्हा कॅप्टनच्या पडद्यावरचा वेग ६० च्या आसपासच रेंगाळत होता. दोन पडद्यांतला फरक क्षणात ओळखून विमान थांबवणाऱ्या त्या दोघांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

विमान स्टँडवर परतताच आम्ही वेग काढणाऱ्या संगणकाची स्वयंचाचणी घेतली आणि तीत कोणताही दोष आढळला नाही. विमान कंपनीच्या नियंत्रण कक्षातून लगेच सूचना आली, की प्रणाली रीसेट करून विमान सोडावे. तिथे उशिराची मिनिटे मोजली जातात. विमान उड्डाणयोग्य असल्याची सही मात्र देखभाल अभियंता म्हणून मला करायची असते.

नाकाजवळ बसवलेली पिटो नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते, कवचावरची स्टॅटिक छिद्रे स्थिर हवेचा दाब घेतात आणि या दोहोंच्या फरकातून वेग काढला जातो. विमान उभे असताना दोन्ही दाब सारखेच असतात, त्यामुळे नळी पूर्ण बुजलेली असली तरी पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही. स्वयंचाचणी विद्युत दोष पकडते, चिखल पकडत नाही. एवढी मूलभूत गोष्ट वेळापत्रक सांभाळणाऱ्यांना दरवेळी नव्याने समजावून सांगावी लागते, याचा मला संताप येतो.

नळीतला हीटर चालू राहिलेला असल्याने ती निवेपर्यंत थांबणे भाग होते. टॉर्चच्या उजेडात आत तपकिरी बूच दिसले. कुंभारीण माशीने आणलेला चिखल उष्णतेने भाजून घट्ट झाला होता. आम्ही नळी बदलली. पण तेवढ्याने काम संपत नाही, कारण मातीचे कण मागच्या वाहिनीतही शिरलेले असू शकतात. त्यासाठी दाबाचे संकेतात रूपांतर करणारे एअर डेटा मॉड्यूल आधी सोडवावे लागते, अन्यथा वाहिनी साफ करायला सोडलेला नायट्रोजनच त्याचा घात करतो. वाहिनी फुंकून, सर्व पुन्हा जोडून, परीक्षण यंत्राने दाब देऊन गळती तपासली आणि कॅप्टन, सहवैमानिक आणि राखीव अशा तीनही प्रणालींचे वेग जुळवून पाहिले. माझ्याबरोबरच्या तरुण तंत्रज्ञाने एकही पायरी गाळली नाही.

प्रश्न उरतो तो विमान उभे असताना नळीवर घालायच्या कव्हरचा. ते सकाळी नियमानुसार काढले होते. पुढे उड्डाण लांबले आणि तेवढ्या अवधीत माशीने आपले काम साधले. २०१३ मध्ये ब्रिस्बेनला एका ए३३० विमानाच्या पिटो नळीत सुमारे दोन तासांच्या मुक्कामात असेच घडले होते. म्हणून प्रत्येक मुक्कामात कव्हर घाला, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्याच ब्रिस्बेनहून २०१८ मध्ये दुसरे एक ए३३० तिन्ही नळ्यांवरची कव्हरे न काढताच उडाले, आणि ती कव्हरे माशांच्या भीतीनेच घातलेली होती.

उड्डाण लांबल्यास कव्हरे पुन्हा घालावीत, काढणाऱ्याने ती मोजून कॅप्टनला प्रत्यक्ष दाखवावीत आणि मगच सही व्हावी, असा प्रस्ताव मी लेखी दिला आहे. त्यावर अजून निर्णय झालेला नाही. तोपर्यंत आमच्या पाळीत उशीर झालेल्या प्रत्येक विमानाच्या नळ्या दरवाजे बंद होण्यापूर्वी टॉर्च लावून पुन्हा पाहिल्या जातात.