दोघांच्या बोटीला तिसरा सुकाणी : विंडवेन निवडतानाचा माझा अनुभव

मी साक्रीचा, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवर मेन्टेनन्सला असतो, आणि माझी नि मेव्हण्याची मिळून एक जुनी तीस फुटी शिडाची बोट मुंबईला असते. थंडीत सुट्ट्या जोडून गोव्याकडे उतरतो, सव्वादोनशेच्या आसपास सागरी मैल, म्हणजे मधे रात्री आल्याच. दोघंच असल्यावर एक झोपला की दुसरा टिलरला, म्हणजे सुकाणूच्या दांड्याला बांधलेला, साधा चहा ठेवता येत नाही आणि कोकण किनाऱ्याला मच्छीमारांची जाळी असतात त्यांच्यावर नजर ठेवायची ती वेगळीच. म्हणून आपोआप सुकाणू धरणारं काहीतरी घ्यायचं ठरलं.

मेव्हण्याचं पहिल्यापासून एकच, दाजी, इलेक्ट्रिक ऑटोपायलट घेऊ, बटण दाबलं की कंपासचा कोर्स धरतो आणि इंजिनवर पण चालतो. खरंय ते. पण मी वहीत हिशोब मांडला, सरासरी ३ अँपिअर धरले तरी चोवीस तासांत ७२ अँपिअर-तास, आमची बॅटरी १०० ची, लेड-ॲसिड म्हणून निम्मीच वापरायची, आणि १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला तीसेक देतं, वर दिवे नि रेडिओ आहेतच. बसत नव्हतं.

विंडवेन म्हणजे वाऱ्याच्या दिशेवरून बोटीचं सुकाणू धरणारं यंत्र, त्याला वीजच लागत नाही. वर प्लायवूडचं पातं असतं, बोट वाऱ्याचा कोन सोडायला लागली की ते कलतं, त्याने खाली पाण्यातलं वल्हं थोडं वळतं, मग पाण्याचा लोटच त्या वल्ह्याला बाजूला ढकलतो आणि दोऱ्या टिलर ओढतात. जोर सगळा बोटीच्या वेगाचा. याला सर्वो-पेंड्युलम म्हणतात, एरीज, मॉनिटर, विंडपायलट हे ब्रँड यातले. हायड्रोवेन म्हणून दुसरा ब्रँड आहे, त्याला स्वतःचं वेगळं सुकाणू असतं, मेन सुकाणू गेलं तरी ते कामाला येतं, मला फार आवडलं होतं पण बजेटबाहेर गेलं.

घरी आबांना समजावून सांगत होतो तर ऐकून लगेच म्हणाले, "वारा फिरना ते नाव बी फिरी ना!" म्हणजे वारा फिरला तर नावही फिरेल की. अगदी बरोबर. रात्री जमिनीकडचा वारा सुरू झाला की कोर्स गुपचूप बदलतो, म्हणून पहारा ठेवावाच लागतो, कंपास बघत राहायचं.

माझं मन पक्कं झालं ते नौदलातून निवृत्त झालेले शिडबोटवाले अभिलाष टॉमी यांच्यामुळे. २०२२ च्या गोल्डन ग्लोब रेसमधे, म्हणजे शिडाच्या बोटीने एकट्याने न थांबता जगाला फेरी मारायच्या शर्यतीत, त्यांचा विंडवेन मोडला तर बोटीतल्या टॉयलेटचा दरवाजा कापून त्यांनी पार्ट बनवले आणि तरी दुसरे आले!! समुद्रात मधेच सर्किट बोर्ड गेलं तर मी काय करणार, प्लायवूड कापता येतं.

शेवटी सेकंडहँड सर्वो-पेंड्युलम घेतला. ब्रॅकेट धुळ्याला एमआयडीसीत करून घेतलं, ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेडचं खाऱ्या पाण्यात लवकर गंजतं. वेनची बॉडी ॲल्युमिनियमची म्हणून बोल्टखाली नायलॉनचे वॉशर टाकले, नाहीतर दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या आतून जाड प्लेट दिली कारण सगळे झटके तिथेच बसतात.

एक अडचण आहेच, थंडीत वारा उत्तरेचा, आपण दक्षिणेला, आणि मंद वारा सरळ पाठीमागून आला की पात्याला तो जाणवतच नाही. मग आम्ही बोट तिरकी धरून वारा मागच्या कोपऱ्यावर घेतो, अंतर वाढतं पण वेन काम करतो. वारा पडला, इंजिन लावलं की मेव्हण्याचा छोटा टिलर-पायलट वेनलाच पात्याच्या जागी जोडतो, त्याला फक्त ती हलकी दांडी ढकलायची असते म्हणून वीज फार कमी खातो. आणि शिडं आधी नीट ट्रिम करा, म्हणजे वाऱ्याप्रमाणे ओढून-सोडून बसवा, हात सोडल्यावर बोट थोडा वेळ तरी सरळ जायला हवी, टिलर जड लागत असेल तर मेनसेल रीफ करा, म्हणजे मुख्य शीड थोडं गुंडाळून लहान करा, मगच वेन लावा.