अठ्ठावीस फुटी बांबू

बांबू अडकला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. एक टोक माझ्या खांद्यावर, मधे आमचा गवंडी, आणि दुसरं टोक ज्यांनी महिनाभरापूर्वी नगरपंचायतीच्या सभेत आमच्या नव्या नाट्यगृहाच्या सल्लागाराच्या फीला सगळ्यात जास्त विरोध केला होता त्या नगरसेवकांच्या हातात. बांबू २८ फुटांचा. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्या रंगवलेले पडदे असल्याच बांबूंना गुंडाळून गावोगाव नेतात. आम्ही तो मागच्या दारातून रंगमंचापर्यंत नेत होतो. भिंती कंबरेएवढ्याच झाल्या होत्या, पण सल्लागारांची अट होती की भिंत पुरी आहे असं समजायचं, बांबू वरून न्यायचा नाही. पाच फुटी बोळ, पुढे काटकोनात वळण. आडवा केला, तिरपा केला, मागे घेऊन पुन्हा घातला. काही केल्या वळेना.

"हे तं जातच नाई जी," नगरसेवक म्हणाले आणि टोक खाली टेकवून उभे राहिले.

मी नगरपंचायतीत अभियंता आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा आमच्यापासून फार लांब नाही. झाडीपट्टी रंगभूमीच्या बहुतेक कंपन्यांची कार्यालयं तिथेच आहेत. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या कामासाठी. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या भागात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक, अशी कितीतरी गावं जागी असतात. अशा ठिकाणी नाट्यगृह मंजूर झालं, याचा मला मनापासून आनंद झाला होता. आराखडा करणाऱ्या वास्तुविशारदांनी शाळा, दवाखाने उत्तम बांधले आहेत. रंगमंचाचं सामान पुरवणाऱ्या एका पुरवठादाराने ध्वनी आणि प्रकाशाचं डिझाइन फुकट करून दिलं होतं. मग वेगळा सल्लागार कशाला, असा सभेतला सवाल. मी शेजारच्या तालुक्यातलं एक सभागृह पाहून आलो होतो. दिसायला देखणं, पण तिथे नाटक होत नाही, लग्नं होतात. तेच सभेपुढे मांडलं. अंदाजपत्रकाच्या दोन टक्क्यांच्या आत बसणारी फी कशीबशी मंजूर झाली.

सल्लागार पुण्याहून आदल्या दिवशी आले. आल्याबरोबर त्यांनी नकाशा मागितला नाही. "आज रात्री जवळपास नाटक आहे का?" असं विचारलं. होतंच. धानाच्या कापलेल्या बांधीत जमीन उतरती खणलेली, निघालेल्या मातीचाच रंगमंच, पुढे ऑर्गन आणि तबला, वरून टांगलेले माइक. पहाटे तीनपर्यंत ते कधी पुढे, कधी अगदी मागे, कधी बायकांच्या बाजूला जाऊन बसत होते. मध्यंतरात पडदेवाल्या पोरांशी बोलून बांबूची लांबी त्यांनी स्वतः टेपने मोजली. सकाळचा बांबू त्या मोजमापातूनच आला होता.

बोळीतून सुटल्यावर त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागितल्या. शेवटची रांग जिथे येणार तिथे एक, तिच्यापुढे चार-पाच. गवंड्याची लाईनदोरी घेऊन रंगमंचाच्या कडेपासून शेवटच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यापर्यंत ताणली. पुढच्या खुर्च्यांवर रेजा, म्हणजे बांधकामावरच्या मजूर बाया, बसल्या, आणि शेवटच्या खुर्चीवरही त्यांच्यातलीच एक वयस्कर बाई. नकाशात जमीन सपाट आणि रंगमंच तीन फूट उंच होता. सल्लागारांनी त्या हिशेबाने विटांवर विटा रचून फळी टाकली आणि एका पोराला वर उभं केलं.

"काय दिसतं, मावशी?"

"त्याचं टकुरं दिसते नं छाती दिसते. पाय नाई दिसत. दंडार असन तं काय पाह्यचं मंग?" दंडार म्हणजे आमच्याकडचं नाचाचं लोकनाट्य.

दोरी मधल्या दोन जणींच्या अंबाड्यांना घासून गेली होती. हजार वेळा काढलेला छेद मी कागदावर पाहिला होता, पण दोरी केसांना लागलेली पाहिली तेव्हा मला माझ्या नकाशाची लाज वाटली.

आमची जागा मुळातच रंगमंचाच्या बाजूला चार फूट उतरती. आम्ही ती मुरूम टाकून सपाट करणार होतो, निविदेत तसंच होतं. सल्लागार म्हणाले, "भरू नका. काल रात्री लोकांनी जे खणून मिळवलं, ते तुम्हाला जमिनीने आयतं दिलंय." वीस रांगांना तो उतार पुरतो, फक्त मागच्या सहा रांगांना पायऱ्या हव्यात. पाण्यासाठी कडेने नाली. मुरमाच्या कितीतरी ट्रिपा वाचल्या.

आवाजाचं मात्र मला त्यांनी कागदावर करून दाखवलं. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ सॅबाइन यांना १८९५ साली घुमणारं एक व्याख्यानगृह दुरुस्त करायला दिलं होतं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून, एकेक वाढवत त्यांनी घुमण्याचा काळ मोजला. त्यातून निघालेलं सूत्र साधं आहे: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषण्याची एकूण क्षमता. आमचं सभागृह २४ बाय १५ मीटर, उंची ८. गुळगुळीत गिलावा, खाली फरशी. ५०० माणसं भरली तरी घुमणं जवळजवळ दोन सेकंद. निम्मं भरलं तर तीनच्या वर. संवादाच्या नाटकाला एका सेकंदाच्या आसपास पाहिजे. पुरवठादाराचं उत्तर होतं जास्त स्पीकर. सल्लागारांनी सुचवलं मागच्या भिंतीला आणि छताच्या काही भागाला वुडवूल बोर्ड (लाकडाच्या बारीक पट्ट्यांचे, आवाज शोषणारे), पत्र्याखाली जाड थर म्हणजे पावसाच्या माऱ्याचा आवाज आत येणार नाही, आणि भिंतीतले कूलर काढून हवा रुंद डक्टमधून हळू सोडणं. एप्रिलमध्ये आमच्याकडे कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलर लावला की संवाद ऐकू येत नाही, हे मी लहानपणापासून सोसलंय. त्यावर उपाय असतो हे त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी फुकटच्या डिझाइनची सामानाची यादी घेतली आणि लाल पेनाने खोडायला लागले. जवळपास निम्मे स्पीकर गेले. हलते रंगीत दिवे गेले. त्यांच्याऐवजी प्रेक्षकांच्या डोक्यावर दिव्यांसाठी एक चालता येईल असा पूल आला, आणि आवाज व प्रकाश यांच्या विजेच्या वेगळ्या लाईन आल्या. त्यांना यातलं काहीच विकायचं नव्हतं, त्यामुळे खोडताना हात अडखळत नव्हता. पुरवठादाराला मी दोष देत नाही. त्याचा धंदा सामानाचा आहे, त्याच्या कागदावर सामानच येणार.

एका जागी मात्र त्यांचा आवाज चढला. जास्त खुर्च्या बसाव्यात म्हणून उजवीकडची वाट आम्ही नकाशात बुजवली होती. त्यांनी दिल्लीच्या उपहार सिनेमाचं नाव घेतलं. १३ जून १९९७, ५९ माणसं गेली. तिथेही बाल्कनीतली उजवीकडची वाट जादा खुर्च्यांनी बंद केलेली होती. नगरसेवक एवढा वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "खुर्च्या कमी करा. दरवाजे भायेर उघडनारेच ठेवा." मी तिथल्या तिथे नोंद घेतली, चाळीस खुर्च्या कमी.

चार वाजता गवंड्याने बोळीच्या वळणावरच्या विटा काढायला घेतल्या. मसाला अजून हिरवा होता, विटा हाताने सुटत होत्या. मागचं दार सरळ रंगमंचाच्या पोटात, बारा फूट रुंद, आणि दाराबाहेर मेटॅडोरच्या हौद्याइतका उंच ओटा, असं खडूने जमिनीवर आखलं. नगरसेवकांनी बांबूचं तेच टोक पुन्हा उचललं. मला म्हणाले, "धरा इंजिनिअर साहेब, आता पाहू." बाहेरून आत, सरळ, कुठेही न टेकता बांबू गेला, आणि रंगमंचाच्या जागेवर आम्ही तो आडवा ठेवला.