आमची वाटचाल : जिवाणूच्या कलाने

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमची छोटी कंपनी रोगनिदान किट बनवणाऱ्यांना रिकॉम्बिनंट एन्झाइम, म्हणजे दुसऱ्या सजीवाचे जनुक जिवाणूत घालून बनवून घेतलेली एन्झाइम, पुरवते. सुरुवात पीसीआर चाचणीत डीएनएच्या प्रती काढणाऱ्या टॅक पॉलिमरेजपासून केली, कारण हे एन्झाइम नवख्या उत्पादकाला सांभाळून घेते. थर्मस अ‍ॅक्वाटिकस या उन्हाळ्यातल्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यातल्या, जिवाणूचे जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूमध्ये घालायचे, वाढलेल्या पेशी फोडायच्या आणि अर्क ७५ अंशांवर तापवायचा, ई. कोलायची बहुतेक प्रथिने साकळून तळाशी बसतात, टॅक द्रवात शाबूत राहते.

२०२० मध्ये कोविडच्या आरटी-पीसीआर चाचण्या वाढल्या, तसे ग्राहक आरएनएवरून डीएनए बनवणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजही मागू लागले आणि आमचा खरा कस लागला. उंदरांच्या ल्युकेमिया विषाणूचे हे एन्झाइम ई. कोलाय भरपूर बनवतो, परंतु घाईत तयार झालेल्या साखळ्यांची घडी नीट बसत नाही आणि त्यांचे गोळे पेशीतच पडून राहतात. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर हे चटकन दिसते : सत्तरेक किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचे माप) इथे जाडजूड पट्टा, पण तो गाळाच्या रांगेत, द्रवाच्या रांगेत जेमतेम सावली.

अशा वेळी जनुकाचा जोर आणखी वाढवून काही साधत नाही, कारण जनुक चालू करणारा टी७ प्रमोटर हा डीएनएचा तुकडा मुळातच पेशीला तिच्या कुवतीपलीकडे राबवतो. म्हणून आम्ही कल्चर ३७ अंशांवर वाढवून १८ अंशांपर्यंत थंड करतो, जनुक चालू करायला लागणारे आयपीटीजी हे रसायन नेहमीच्या एक मिलिमोलरच्या दहाव्या हिश्शाइतकेच देतो आणि रात्रभर थांबतो. घडी बसवायला हातभार लावणारी ग्रोईएल आणि ग्रोईएस ही प्रथिनेही दुसऱ्या प्लाझ्मिडवरून (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्यावरून) त्याच पेशीत बनवून घेतो. एकूण प्रथिन यात कमी निघते, पण कामाचे एन्झाइम वाढते. आणि ग्राहक पैसे मोजतो ते युनिटचे, म्हणजे एन्झाइम किती काम करते त्याचे, मिलिग्रॅमचे नव्हे. ई. कोलाय क्वचितच वापरतो असे कोडॉन (जनुकातले तीन अक्षरी शब्द) बदललेले जनुक हल्ली सहज बनवून मिळत असल्याने त्याचे कौतुक फार होते. आमच्या या एन्झाइमला मात्र थंडीच अधिक मानवली.

आता फ्लास्ककडून फर्मेंटरकडे, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या नियंत्रित टाकीकडे, वळलो आहोत. तिथे ग्लुकोज एकदम ओतले, तर जिवाणू अ‍ॅसिटेट सोडतात आणि त्यानेच त्यांची वाढ खुंटते, म्हणून ते पंपाने हळूहळू द्यावे लागते. दाटी वाढली की प्राणवायू अपुरा पडतो. त्यामुळे पुढची खरेदी मोठ्या भांड्याची नसून चांगल्या एअर कॉम्प्रेसरची आणि त्याला जोडलेल्या जनरेटरची आहे.