सरबतातले बर्फाचे खडे एकमेकांना का चिकटतात?

फ्रीजरमधून काढलेले बर्फाचे खडे लगोलग लिंबू सरबतात टाकले, की ते तडतडतात आणि थोड्याच वेळात त्यांतले दोन-तीन एकमेकांना असे घट्ट धरतात, की चमच्याने टोचूनही चटकन सुटत नाहीत. भोवती सरबत असताना आणि खडे वितळत असताना त्यांच्यामध्ये पाणी गोठते तरी कसे?

याचे शाळेतले उत्तर म्हणजे दाब. वजने बांधलेली तार बर्फाच्या लादीतून आरपार जाते आणि लादी मात्र अखंड राहते, हा पुनर्हिमायनाचा, म्हणजे दाबाखाली वितळलेला बर्फ दाब हटताच पुन्हा गोठण्याचा, प्रयोग दहावीच्या पुस्तकात असतो. ग्लासाला मात्र हे उत्तर लावणे मला पटत नाही, कारण एका वातावरणाएवढा दाब वाढवला तरी बर्फाचा द्रवणांक जेमतेम ०.००७५ अंश सेल्सिअसने उतरतो, आणि तरंगणाऱ्या खड्यांचा एकमेकांवर पडणारा दाब त्यापुढे नगण्य असतो.

खरी मेख आहे ती फ्रीजरच्या थंडीत. उणे १८ अंशांचा खडा बाहेरून ओला दिसू लागला, तरी त्याचा गाभा काही काळ शून्याखालीच असतो. एक ग्रॅम बर्फ उणे १८ वरून शून्यावर येताना सुमारे ३८ ज्यूल उष्णता ओढून घेतो, तर शून्य अंशाचे एक ग्रॅम पाणी गोठताना ३३४ ज्यूल बाहेर पडतात; म्हणजे हिशेबाने खडा आपल्या वजनाच्या साधारण नवव्या हिश्शाएवढे पाणी गोठवू शकतो. ही थंडी बहुतांशी सरबत गार करण्यातच खर्ची पडते, पण जिथे दोन खडे टेकलेले असतात त्या अरुंद फटीत कोमट सरबत सहजी पोचत नाही आणि थंडी दोन्ही बाजूंनी येते, म्हणून तेवढेच पाणी गोठून सांधा तयार होतो.

थंडीचा साठा संपला तरी चिकटणे पूर्ण थांबत नाही. शून्य अंशाचे, वितळू लागलेले तुकडेही नुसत्या स्पर्शाने जुळतात, हे मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात मांडले होते. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि तो दोन तुकड्यांच्या मध्ये सापडला की गोठतो, असा त्यांचा तर्क होता. गोळेवाल्याच्या मुठीत बर्फाचा कीस काडीभोवती बसतो, त्यातही या ओलाव्याचा वाटा असतो. अगदी कोरडा, कडक थंड कीस नुसता भुरभुरत राहील.

खडे सुटे हवे असतील, तर ते चकचकीत ओले होईपर्यंत बाहेर ठेवावेत आणि ग्लासात टाकल्याबरोबर ढवळत राहावे.