‘लढेन’ म्हणजे मत कुठे देणार? अमेरिकन काँग्रेसच्या उमेदवाराच्या भूमिका वाचताना

अमेरिकन काँग्रेससाठी उभ्या असलेल्या बहुतेक उमेदवारांच्या संकेतस्थळावर ‘इश्यूज’ नावाचं एक पान असतं. आरोग्यसेवा, कर, सीमा, बंदुका, गर्भपात, हवामान असे मथळे आणि प्रत्येकाखाली चार-सहा वाक्यं. हे पान वाचायला घ्याल तेव्हा आधी पेन्सिल घ्या आणि क्रियापदांखाली रेघा ओढा. ‘लढेन’, ‘पाठीशी उभा राहीन’, ‘रक्षण करीन’, ‘माझा विश्वास आहे’ ही क्रियापदं एका बाजूला. ‘विधेयक मांडेन’, ‘विरोधात मत देईन’, ‘मर्यादा इतक्यावरून इतक्यावर नेईन’ ही दुसऱ्या बाजूला. सदस्याच्या हातात कायद्यापुरती कामं मोजकीच असतात: विधेयक मांडणं, दुसऱ्याच्या विधेयकाचं सहप्रायोजक होणं, समितीत दुरुस्ती सुचवणं, सभागृहात मत देणं, आणि अडवून ठेवलेलं विधेयक बाहेर काढण्यासाठी डिस्चार्ज पिटिशनवर सही करणं. प्रतिनिधिगृहात त्या पिटिशनला २१८ सह्या लागतात. पानावरचं वाक्य यांपैकी कशातच उतरत नसेल, तर निवडून आल्यावर हा माणूस काय करेल, हे त्यावरून सांगता येत नाही.

क्रियापदांनंतर विशेषणं बघा. सोशल सिक्युरिटीवरचं, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या योजनेवरचं, हे ठरावीक वाक्य घ्या: ‘सध्याच्या निवृत्तांचे लाभ मी कधीही कमी होऊ देणार नाही.’ यातला सगळा अर्थ ‘सध्याच्या’ या एका शब्दात आहे. आज पन्नाशीत असलेल्या माणसाबद्दल या वाक्यात काहीही कबूल केलेलं नाही. पूर्ण निवृत्तीचं वय वाढवायला किंवा पुढच्या पिढीचे लाभ कमी दराने वाढवायला वाट मोकळी ठेवलेली आहे. आणि ‘सोशल सिक्युरिटीला हात लावणार नाही’ हे वाक्य ऐकायला भक्कम वाटलं, तरी त्याचाही हिशोब करावा लागतो. या योजनेच्या विश्वस्तांच्या २०२५च्या अहवालानुसार निवृत्तिवेतनाचा निधी २०३३मध्ये संपेल आणि त्यानंतर येणाऱ्या उत्पन्नातून ठरलेल्या लाभांपैकी ७७ टक्केच देता येतील. म्हणजे कुणी कशालाच हात लावला नाही, तर कपात आपोआप होते.

म्हणून या विषयावर उमेदवाराला विचारायचा प्रश्न एकच: ही तूट कुठून भरणार? पर्याय फार नाहीत. कर्मचारी ६.२ टक्के आणि मालक तितकेच देतो, तो दर वाढवा. किंवा तो कर ज्या पगारापर्यंत लागतो ती मर्यादा वाढवा. २०२६मध्ये ती १,८४,५०० डॉलर आहे आणि त्यावरच्या पगारावर हा कर लागत नाही. किंवा निवृत्तीचं वय वाढवा. १९८३च्या कायद्याने ते १९६० आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ६७ झालं. किंवा लाभ कमी करा, नाहीतर सर्वसाधारण तिजोरीतून पैसे घाला. शिवाय बजेट रिकन्सिलिएशनच्या वाटेने, म्हणजे अर्थसंकल्पाशी निगडित विधेयक सिनेटमध्ये साध्या बहुमताने मंजूर करायच्या खास प्रक्रियेने, सोशल सिक्युरिटीत बदल करायला मनाई आहे. त्यामुळे सिनेटमध्ये चर्चा संपवण्यासाठी ६० मतं लागतात, ५१ मतांवर भागत नाही. ‘आम्ही बहुमतात आलो की लगेच’ असं कुणी सांगत असेल, तर त्याला हा अडथळा ठाऊक नाही किंवा तो सांगायचा नाही.

हा ६० मतांचा उंबरठा जवळपास प्रत्येक मोठ्या विषयात आडवा येतो. रिकन्सिलिएशनच्या वाटेनेच मंजूर झालेल्या २०२२च्या इन्फ्लेशन रिडक्शन अॅक्टमध्ये मेडिकेअरवरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) लोकांसाठी इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरवर आणलं गेलं, पण खासगी विमा असलेल्यांसाठीची तीच मर्यादा सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ मतांनी गळाली. बाजूने ५७ मतं असूनही हरली, कारण रिकन्सिलिएशनच्या नियमाचा आक्षेप बाजूला सारायला ६० हवी होती. जाहिरातीत हे मत कुणाच्या बाजूने किंवा विरोधात वापरलेलं दिसलं, तर ते थेट इन्सुलिनवरचं मत नव्हतं, नियमाला अपवाद करायचा की नाही यावरचं होतं, हे लक्षात ठेवा. परिणाम मात्र इन्सुलिनवरच झाला, म्हणून ते मत मोजायलाच हवं असं माझं मत आहे.

स्थलांतराचा विषय मराठी घरांत सगळ्यात जास्त बोलला जातो, आणि उमेदवारांची भाषा सगळ्यात गुळगुळीत असते तीही इथेच. ‘कायदेशीर मार्गाने येणाऱ्यांचं मी स्वागत करतो’ हे वाक्य दोन्ही पक्षांचे लोक बिनदिक्कत लिहितात. प्रश्न आकड्यांचा आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००. त्यातच जोडीदार आणि मुलंही मोजली जातात. आणि कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. भारतात जन्मलेल्यांची रांग या तीन गोष्टींमुळे लांबते, आणि हे तिन्ही मुद्दे कायद्यातले असल्यामुळे खरा उपाय काँग्रेसच्याच हातात आहे. तेव्हा उमेदवाराला विचारा: देशनिहाय मर्यादा काढणार का? कुटुंबीयांना एकूण आकड्यातून वगळणार का? मागच्या वर्षांत न वापरलेली कार्डं परत मिळवणार का? पालकांच्या व्हिसावर वाढलेलं मूल २१ वर्षांचं होताच रांगेतून बाहेर पडतं, त्याचं काय? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं येत नसेल, तर स्वागत फक्त शब्दांत आहे.

आणि ‘हो’ आलं तरी पुढचा प्रश्न उरतो. ११६व्या (२०१९-२०च्या) काँग्रेसमधलं एच.आर. १०४४, म्हणजे प्रतिनिधिगृहात मांडलेलं १०४४ क्रमांकाचं विधेयक, नेमकं देशनिहाय मर्यादेबद्दल होतं. जुलै २०१९मध्ये ते प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. इतकं प्रचंड बहुमत स्थलांतराच्या विषयावर क्वचित दिसतं. डिसेंबर २०२०मध्ये सिनेटने आपलं वेगळं रूप कुणाच्याही हरकतीशिवाय मंजूर केलं. पण दोन मसुदे जुळले नाहीत, जानेवारीत ती काँग्रेस संपली आणि विधेयक मेलं. पुढे २०२२च्या डिसेंबरमध्ये तशाच हेतूचं विधेयक प्रतिनिधिगृहात मतदानाला यायचं होतं, ते ऐनवेळी मागे घेतलं गेलं. तेव्हा ‘मी २०१९मध्ये बाजूने मत दिलं’ असं कुणी सांगितलं, तर ते खरं असू शकतं आणि तरीही अपुरं. नंतरच्या विधेयकावर त्याची सहप्रायोजक म्हणून सही आहे का, आणि ती कधी केली, हे बघा. विधेयक नुकतंच मांडलेलं असताना केलेली सही आणि निवडणुकीच्या तोंडावर, काहीही होणार नाही हे ठाऊक असताना केलेली सही, या दोन्हींचं वजन सारखं नाही.

हे तपासायला अवघड काही नाही. काँग्रेस डॉट गव्हवर सदस्याचं नाव टाका. त्याने मांडलेली आणि सहप्रायोजित केलेली विधेयकं वेगवेगळी दिसतात. प्रत्येक विधेयकाच्या पानावर सहप्रायोजकांची यादी तारखांसह असते, सही मागे घेतली असेल तर तेही दिसतं. प्रतिनिधिगृहातल्या मतांसाठी क्लार्कच्या कार्यालयाचं संकेतस्थळ आहे. तिथे ‘नॉट व्होटिंग’ आणि ‘प्रेझेंट’ हे रकाने जरूर बघा. अडचणीच्या दिवशी गैरहजर राहणं हीसुद्धा एक भूमिका असते, फक्त एखाद्या आजारपणावरून असा निष्कर्ष काढू नका.

इथे लोक फसतात ते विधेयकाच्या क्रमांकावर. दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस आली की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. २०२१चं एच.आर. १ मतदानाच्या हक्कांबद्दल होतं, २०२३चं ऊर्जेबद्दल, आणि २०२५चं एच.आर. १ म्हणजे करांचा तो मोठा कायदा. ‘यांनी एच.आर. १च्या विरोधात मत दिलं’ असं पत्रक घरी आलं, तर कितव्या काँग्रेसमधलं ते कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. दुसरी चूक मतांच्या प्रकाराची. चर्चेच्या अटी ठरवणाऱ्या नियमावरचं मत, विधेयक समितीकडे परत पाठवण्याचा प्रस्ताव, ते टेबल करण्याचा (बाजूला सारण्याचा) प्रस्ताव ही सगळी प्रक्रियेची मतं असतात. ‘इतक्या वेळा करवाढीला पाठिंबा’ अशा आकड्यांत ती बेधडक मोजली जातात. संघटनांच्या गुणपत्रिकांनाही हेच लागू: कुठली मतं मोजायची हे संघटनाच ठरवते, म्हणून टक्केवारीच्या आधी मतांची यादी वाचा.

अमेरिकेत पक्षादेश मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. त्यामुळे एकेकाच्या मताला खरी किंमत आहे, विशेषतः बहुमत निसटतं असताना. २०२५चा करकायदा प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१४ असा झाला. राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीची २०१७च्या कायद्यातली १०,००० डॉलरची मर्यादा त्यात ४०,००० झाली, ती न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातल्या मूठभर सदस्यांनी हट्ट धरला म्हणून. पाच लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नाला ती कमी होत जाते आणि २०३०मध्ये पुन्हा १०,०००वर येते. तेव्हा ‘मी वजावट मिळवून दिली’ असं म्हणणाऱ्याला २०३०चं विचारा.

गर्भपाताबद्दल, गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जून २०२२च्या डॉब्स निकालानंतर ‘हा राज्यांचा प्रश्न आहे’ हे उत्तर फार ऐकू येतं. ते अर्धंच उत्तर आहे. देशभर १५ आठवड्यांच्या मर्यादेचं विधेयक त्याच वर्षी सिनेटमध्ये मांडलं गेलं होतं. तसं पुन्हा आलं तर विरोधात मत देणार का? आणि देशभर संरक्षण देणारं आलं तर? राज्यांवर सोपवायचं म्हणणाऱ्याने दोन्ही विधेयकांच्या विरोधात मत द्यायला हवं. त्या उन्हाळ्यात काही उमेदवारांनी या विषयावरचा मजकूर आपल्या पानांवरून गुपचूप बदलला, काहींनी काढून टाकला. जुनं रूप इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडतं. प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या) आधीची आणि नंतरची प्रत शेजारी ठेवून वाचा. जो शब्द गळाला तोच महत्त्वाचा.

संकेतस्थळावर आणखी एक जागा बघण्यासारखी आहे. मीडियासाठीच्या पानावर कधी कधी लाल चौकट असते आणि आत विचित्र भाषेत ‘मतदारांनी हे पाहायला हवं’, ‘मतदारांनी हे ऐकायला हवं’ असं लिहिलेलं असतं. ती मतदारांसाठी नसते. सुपर पॅकशी, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर हवा तितका पैसा खर्च करणाऱ्या गटाशी, थेट संगनमत करायला मनाई असल्यामुळे उमेदवार उघड्या पानावर इशारा ठेवतो: ‘पाहायला’ म्हणजे टीव्ही, ‘ऐकायला’ म्हणजे रेडिओ, ‘वाचायला’ म्हणजे टपालाची पत्रकं. मोहिमेला खरंच कुठल्या मुद्द्यावर पैसा लावायचा आहे, ते या चौकटीतून ‘इश्यूज’च्या पानापेक्षा स्पष्ट कळतं.

देणग्यांची माहिती फेडरल इलेक्शन कमिशनकडे मिळते. २०२५-२६मध्ये एका व्यक्तीला एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीसाठी ३,५०० डॉलर देता येतात, प्रायमरी आणि नोव्हेंबरची निवडणूक वेगळी धरून. २०० डॉलरच्या वर गेलेल्या देणगीदाराचं नाव आणि नोकरीचं ठिकाण नोंदवावं लागतं. त्या यादीत कंपनीचं नाव दिसलं म्हणून कंपनीने पैसे दिले असं होत नाही. कंपनीला उमेदवाराला थेट देणगी देता येत नाही, ते कर्मचाऱ्याचं नोकरीचं ठिकाण असतं. कंपनीची पॅक (कर्मचाऱ्यांकडून गोळा केलेल्या पैशांतून राजकीय देणग्या देणारी समिती) असेल तर ती वेगळी दिसते आणि तिची मर्यादा दर निवडणुकीला ५,००० डॉलर.

नव्या उमेदवाराचा काँग्रेसमधला इतिहास नसतो. राज्याच्या विधिमंडळात किंवा नगर परिषदेत असेल तर तिथली मतं काढा. नसेल तर लीग ऑफ विमेन व्होटर्सच्या व्होट ४११वर उमेदवारांची स्वतःच्या शब्दांतली उत्तरं असतात, आणि रिकामी सोडलेली उत्तरंही. सही केलेल्या प्रतिज्ञा शोधा. करवाढीला विरोध करण्याची अमेरिकन्स फॉर टॅक्स रिफॉर्मची प्रतिज्ञा १९८६पासून चालत आली आहे. ती सही असलेला उमेदवार सोशल सिक्युरिटीचा पगारकर वाढवायला सहजी तयार होणार नाही, म्हणजे वरच्या पर्यायांपैकी निदान दोन त्याने आधीच खोडल्यासारखे आहेत. उरलेल्यांपैकी कुठला, ते त्याच्याच सभेत उभं राहून विचारा, आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवा.